नथ्थूभाऊंचं नाटक

चामोर्शीच्या एका कॉलेजात साधना गुरनुले संगणक कक्ष सांभाळते. लग्नाच्या आधीपासून तिथंच आहे. कॉलेजात वायफाय आल्यापासून तिचा निम्मा दिवस पोरांना समजावण्यात जातो. नवे सिनेमे कॉलेजच्या नेटवरून उतरवू नका, दुसऱ्याचा प्रकल्प आपल्या नावानं देऊ नका. इतक्यांदा सांगून झालंय की आता तिचा आवाजही चढत नाही.

यंदा धान निघाल्यावर नाटकांचा हंगाम सुरू झाला आणि एका दुपारी नथ्थूभाऊ लेनगुरे तिच्यासमोर येऊन बसले. भाऊ झाडीपट्टीतले जुने नाटकवाले. लिहितात तेच, मंडळी चालवतात तेच, आणि नाटकात बापाचं कामही तेच करतात.

"तुमच्या कॉलेजातल्या पोरानं आमचं अख्खं नाटक मोबाईलवर घेऊन नेटवर टाकलं, बाई. खाली कॉलेजचं नाव बी आहे."

साधनानं उघडून पाहिलं. खरंच होतं.

"शेवटी बाप हरवलेल्या पोरीले ओळखते," भाऊ म्हणाले. "तिथी सारा मंडप रडे. परवा मी तोंड उघडाच्या आधी मंडपातले पोरंच माझं वाक्य बोलले. लोकं हासले. मले पुढचं आठवेच ना."

ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते नुसते थकलेले दिसत होते.

प्राचार्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "वायफायच बंद करून टाका."

"सर, पोरी खेड्यातून शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला येतात. त्या कुठं जातील?"

"मग तुम्हीच निस्तरा."

व्हिडिओ टाकणारा अजय बीएच्या दुसऱ्या वर्षाला होता. साधनानं त्याला बोलावलं. नथ्थूभाऊ बाजूलाच बसले होते.

"म्या त भाऊचं नाव टाकलं, बाई. उलट प्रसिद्धीच केली."

"त्याईले विचारलं होतं का?"

अजय खाली पाहू लागला. "नाई."

"काऊन नाई?"

"नाई म्हणतीन वाटलं."

त्यानं तिथंच व्हिडिओ काढून टाकला, भाऊंच्या पाया पडला. सगळ्यांना वाटलं, मिटलं. पण तोवर दुसऱ्यांनी तो उतरवून आपापल्या नावानं चढवला होता. कोणी तुकडे केले होते, कोणी रडण्याच्या प्रसंगावर विनोदी गाणं लावलं होतं.

मग दुपारचे तास संपले की अजय संगणक कक्षात येऊ लागला. तो शोधायचा, नथ्थूभाऊंच्या वतीनं साधना तक्रार लिहायची. नाटक कोणाचं, परवानगी दिली होती का, पुरावा काय. फोन करून भाऊंना तेच तेच विचारावं लागे. एक व्हिडिओ हटला की दुसरीकडे नवा दिसे. काही तक्रारींना उत्तरच आलं नाही.

"हे संपतच नाई, बाई," अजय एकदा म्हणाला.

"नाई संपत," साधना म्हणाली आणि पुढची तक्रार उघडली.

परीक्षा जवळ आल्या तसा तिनंच त्याला अभ्यासाला धाडला. तो निघाला, पण दाराशी थांबून म्हणाला, "आता मले कोणतं बी नाटक मोबाईलवर पाहाले होत नाई."

होळीच्या आधी नथ्थूभाऊंचा फोन आला. त्यांनी ते नाटक बंद केलं होतं. गावं त्याचा प्रयोग मागत नव्हती, आणि पोरीचं काम करणारी करिष्मा दुसऱ्या मंडळीत गेली होती.

"तुम्ही लय केलं, बाई. आता राहू द्या."

"आन् तुम्ही, भाऊ?"

"नवीन लिहून राह्यलो. शेवट कसा करू, समजत नाई. लिहितानीच वाटते, हे बी कोणीतरी आधीच पाहून घेईन."

साधनानं फोन ठेवला. समोर अर्धी लिहिलेली तक्रार उघडी होती. ती तिनं पुरी करून पाठवली, संगणक बंद केला, आणि कक्षाला कुलूप लावून बसस्टँडकडे निघाली.