साखर उतरल्यावर

आमचा दादा पाट्या रंगवतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, घरांच्या. अक्षर मोत्यासारखं, आणि डोकं म्हणजे पालथा घडा, वरून कितीही ओता.

वहिनी मधुमेहानं गेली. तिचा बिस्किटांचा डबा दादा कपाटावर लपवायचा आणि ती स्टुलावर चढून खायची. त्यावरून घरात रोज महाभारत. ती गेली आणि वर्षाच्या आत दादाच्याही रक्तात साखर निघाली. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, हा तर ताक बघूनच पळाला. भात, पाव, बटाटा, फळं, सगळं बंद. अंडी, पनीर आणि कोबी, एवढंच. डॉक्टरांना मात्र याचा पत्ताच नाही. गोळ्या जेवणाखाणाच्या हिशोबानं दिलेल्या, त्या पूर्वीसारख्याच चालू. मग साखर कधी नीट असायची, कधी एकदम कोसळायची. हात थरथरायचे. मी विचारलं की म्हणायचा, "वय झालं गं."

त्या दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन त्याच्या दुकानात गेले. दादा जमिनीवर बसला होता. सदरा घामानं चिंब, ब्रश मुठीत, आणि शिडीकडे बघून हळू आवाजात म्हणत होता, "बरं बाई, नाही खात."

त्याच्या साखर मोजायच्या मशीनवर बोटातलं रक्त तपासलं. अठ्ठेचाळीस, पार तळाला! मी पेल्यात साखर ढवळली, तर यानं दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेतलं.

"पी रे!"

"ती नको म्हणतेय."

"कोण?"

"तुझी वहिनी. ही काय बसलीय. म्हणते, मला जन्मभर गोड दिलं नाहीत, आता तुम्हीही हात लावायचा नाही."

शिडीच्या पायरीवर कुणीही नव्हतं. तरी, खोटं कशाला बोलू, मी तिकडे वळून ओरडले, "वहिनी, पुरे झालं! जा इथून!"

"तिला हाकलू नकोस!" म्हणत दादानं तोंड उघडलं आणि मी पेला लावला. निम्मं पोटात, निम्मं सदऱ्यावर.

हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यानं शिडीकडे पाहिलं आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"साखर पोटात गेली की ती उठून जाते," तो म्हणाला. "म्हणून तर खात नाही."

म्हणजे ही पहिली वेळ नव्हती.

संध्याकाळी त्याला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. ते चिडले. "खाणं एवढं तोडलंत, मग गोळी तेवढीच कशी चालेल? उद्यापासून निम्मी. साखर अशी कोसळणार नाही."

"पूर्वीचीच राहू द्या ना," दादा म्हणाला. डॉक्टरांना ती थट्टा वाटली, ते हसले. मला हसू आलं नाही.

गोळ्या आता माझ्याकडे असतात. रोज सकाळी अर्धी त्याच्या तळहातावर ठेवते आणि समोर उभी राहते.

काल तो गोळीकडे बघत म्हणाला, "तू तिला येऊच देत नाहीस गं."

"नाही देत," मी म्हणाले. "गीळ."