देवपुरातला खड्डा

जळगावहून पाइप कापायचं यंत्र घेऊन आम्ही चौघं फिटर देवपुरात पोहोचलो तेव्हा खड्ड्यात छातीएवढं पाणी होतं आणि त्यात एक म्हातारा उभा होता. पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्हमन. सकाळी पाणी सोडताना गंजलेलं चाक फिरेना, म्हणून त्याने पाना लावून जोर दिला आणि व्हॉल्व्ह मानेपाशी तडकला. त्या भेगेवर रबराची पट्टी गुंडाळून तो ती दोन्ही हातांनी आवळून धरून होता.

"आबा, बाहेर या," मी म्हणालो.

"मन्हीच चूक शे. तू तुन्हं काम कर, भाऊ."

पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी आधीच बजावलं होतं, मुख्य लाइन बंद होणार नाही; हा व्हॉल्व्ह तिच्या एका फाट्यावर होता. मुख्य लाइनीवर पुढे दवाखाना होता. शिवाय मागे एकदा लाइन रिकामी केली, तर पुन्हा भरताना ती तीन ठिकाणी फुटली होती. म्हणजे पाणी वाहतं ठेवूनच, भेगेच्या अलीकडे फाट्याच्या पाइपाला लोखंडी कवच आवळायचं, त्यातून पाइप वरून कापायचा आणि फाट्याचं पाणी अडवायला नवा पडदा खाली सोडायचा. असं काम मी दोनदाच केलं होतं, तेही कारखान्यातल्या नव्या पाइपांवर. हा पाइप माझ्या वयापेक्षा जुना होता.

कवच बसलं. कटर निम्मा आत गेला आणि मोटार जळाली. कटरचे दात पाइपाच्या बिडात रुतून बसले. पुढे जाईना, मागे घ्यायची हिंमत होईना.

"जमणार नसेल तर आत्ताच सांगा," साहेब म्हणाले.

नाही जमणार, हेच ओठावर आलं होतं. खाली आबाच्या हातातली पट्टी सरकत होती, पाण्याची धार त्याच्या तोंडावर येत होती. मी हँडल लावलं. दोघं दोघं मिळून हाताने फिरवायला लागलो. एका दमात पाव फेरा, तोही रडतखडत.

"हुयनं का, भाऊ?"

"झालंच, आबा."

खोटं होतं. दुपार टळली तरी तेच उत्तर देत होतो. तळहात सोलले गेले. शेवटी एकदाचा पाइप कापला गेला. पडदा सोडला, तरी धार तशीच. खाली गंजाचा थर अडकला असणार. वर घेतला, सोडला. पुन्हा वर. चौथ्या वेळी धार बारीक झाली आणि थांबली.

आबाची बोटं उघडेनात. दोघांनी धरून त्याला वर काढलं.

जुना व्हॉल्व्ह सोडवल्यावर मी भेग निरखली. निम्मी भेग आतून काळी पडलेली, जुनी; म्हणजे पाना लावण्याआधीच व्हॉल्व्ह तडकत आला होता. तसं मी साहेबांच्या जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांना लिहून दिलं. कागद आबाला वाचून दाखवला.

"पण पाना मीच लावा व्हता," तो म्हणाला.

खात्याची नोटीस त्याला आलीच. चौकशी चालू असतानाच तो निवृत्त झाला, असं पुढे कानावर आलं. माझा कागद कुणी वाचला का, ते मला कळलं नाही.