मालनताईंच्या नावावरचा हप्ता

"मूठ सोडा काका," समीक्षा म्हणाली, आणि सुईतून रक्त नळीत उतरायला लागलं. तेवढ्यात तिच्या ॲप्रनच्या खिशातला फोन थरथरला. नौपाड्यातल्या त्या लॅबमध्ये काम करताना फोन बघायचा नाही असा नियम होता. तिने सुई काढून कापसाचा बोळा दाबून दिला, वळून फोन बघितला.

'मालनताई, आपली सुवर्ण योजना पूर्ण झाली. खरेदीबद्दल आभार.'

खरेदी? कसली खरेदी?

मालनताई म्हणजे तिची आई. योजना आईच्या नावावर, नंबर समीक्षाचा, कारण "मला ते मेसेज-बिसेज कळत नाहीत बाई." आणि हप्ते समीक्षाच्या पगाराचे. कल्याणच्या त्या सराफी पेढीची रीत साधी होती. अकरा महिने तुम्ही भरायचं, बारावा हप्ता पेढीचा, पण रोख मिळणार नाही, सोनंच घ्यायचं. समीक्षा साध्या वेढण्या, चोख सोन्याच्या बिननक्षीच्या अंगठ्या, घेणार होती. त्यांना मजुरी जवळजवळ नसते, मोडल्या तरी फारसा तोटा नाही. त्या मोडायच्या आणि कल्याण पूर्वेला एका गाळ्याची अनामत भरायची. स्वतःचं रक्त तपासणी केंद्र! तेवढ्यासाठीच तर ही "सत्तावीस वर्षांची घोडी" (शब्द आईचाच) डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आईबापाची बोलणी खात राहिली होती.

आईच्या नावावर का? "पेढीवाले माझ्या माहेरच्या ओळखीचे. माझं नाव घातलंस तर चार पैसे सोडतील." आणि ओळखीच्या पेढीवर कागद कोण मागतो, सही कोण पडताळतो!

घरी पोचली तेव्हा आई लाल मखमली डबा उघडून बसली होती. आत दोन नाजूक बांगड्या. समीक्षाने चप्पलही न काढता एक उचलली, हातात सरकवली. अंगठ्याच्या मुळाशी अडली.

"चढत नाही."

"चढेल कशी? तुझ्या मापाची नाहीच ती. श्रियाच्या मापाची आहे."

श्रिया म्हणजे धाकट्या सर्वेशची होणारी बायको. रविवारी साखरपुडा होता.

"आई, ते माझे पैसे होते."

"आणि राहतेस कुठे? गिळतेस कुठे? भाडं दिलंस कधी?"

"तूच म्हणालीस, घरात देऊ नकोस, साठव."

"मग साठले की! हे बघ, कसे चमकतायत."

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. या घरात त्यांचं मत एवढंच असायचं.

"अगं ताई, चिल ना," सर्वेश मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला. "मी देईन तुला. सेटल झालो की."

"तू? जन्मात ओला टॉवेल वाळत घातला नाहीस, तू सेटल होणार?"

"त्याला बोलायचं काम नाही!" आई कडाडली. "धाकट्याचं आधी होतंय, चार लोकांत आम्ही मान खाली घालतोय, आणि हिला गाळा हवाय. कशाला, तर लोकांचं रक्त काढायला. आमचं काढतेस ते पुरत नाही?"

समीक्षाने बांगडी डब्यात ठेवली. पुढे रविवारपर्यंत ती घरात एक शब्द बोलली नाही. आईला वाटलं, पोरगी वठणीवर आली.

तिथेच आई चुकली. त्यांच्यात दागिन्यांचा डबा करवलीने सांभाळायचा असतो. भांडण झालं, तोंडं फिरली, तरी रीत ती रीत. रविवारी हॉलच्या दारात आईने डबा समीक्षाच्या हातात कोंबला.

"धर. आणि थोबाड जरा सरळ ठेव, फोटोवाला आलाय."

गुरुजींनी हाक दिली, "मुलाकडचे दागिने आणा."

समीक्षा खुर्चीवरून हलली नाही.

"डबा, समीक्षा."

"पर्समध्ये आहे."

"मग काढ की!"

"नाही काढत." तिने आवाज खाली ठेवला नाही. "माझ्या पगाराच्या बांगड्या आहेत त्या. सुनेला सोनंच घालायचंय ना? तुझ्या हातातल्या पाटल्या घाल."

सनईची रेकॉर्ड तेवढी वाजत राहिली.

"पाहुण्यांसमोर?" आई दात आवळून पुटपुटली. "लाज सोडलीस?"

"हस, आई. फोटोवाला आलाय."

श्रियाची आत्या प्रमोदिनी पुढे वाकल्या. "काय हो विहीणबाई, काही अडचण?"

"छे, छे! मस्करी करते आमची." आई हसली, आणि हसत हसत पाटली ओढायला लागली. वर्षानुवर्षं न निघालेली पाटली, सुजरं मनगट, निघेना. शेवटी बेसिनपाशी जाऊन साबण लावून दोन्ही काढून आणल्या. श्रियाच्या हातात त्या घसरत कोपरापर्यंत गेल्या. "सैल आहेत," श्रिया म्हणाली. "राहू देत गं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी नजरेनेच वजन केलं होतं.

दुसऱ्या दिवशी समीक्षाने बांगड्या मोडल्या. मजुरी गेली, घट गेली, अनामत थोडी कमीच पडली. गाळेवाल्याने कुरकुरत किल्ली दिली. हातात दुसरीकडे खोली घेण्याइतकं काही उरलं नाही.

आईला हे न सांगताच कळलं होतं.

"एक तारखेपासून राहण्या-जेवण्याचे पैसे माझ्या हातात. रोख," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "नाहीतर दार उघडं आहे."

समीक्षाने एक तारखेला पाकीट पुढे केलं. ते घेणाऱ्या मनगटावर पाटल्यांच्या जागी पांढुरका पट्टा उमटला होता. दोघींनीही तो बघितला.

संध्याकाळी गाळ्यात पहिला पेशंट आला. समीक्षा त्याच्या दंडाला पट्टा बांधत होती, तेव्हा फोन थरथरला. इथे नियम तिचा होता. तिने बघितला.

'मालनताई, आपल्या नवीन सुवर्ण योजनेचा पहिला हप्ता जमा झाला. धन्यवाद.'

पाकीट सरळ पेढीवर गेलं होतं. नंबर अजून तिचाच होता. आईला ते मेसेज-बिसेज कळत नव्हते, आणि समीक्षा काही सांगायला जाणार नव्हती.

"काय झालं मॅडम?" पेशंटने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "मूठ आवळा. घट्ट."