पाखरांच्या बेटाचा पास

सरकारी ऑफिसात दोन वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. फायलींवरची धूळ निदान झटकता तरी येते.

रत्नागिरीच्या बंदरावर आमचं ऑफिस दोघांचंच: हेडक्लार्क नाना आणि मी. समुद्रातल्या पाखरांच्या बेटावर जायचे पास आम्ही देतो. मी प्राणिशास्त्राची पदवीधर, पण ते बेट पाहिलेलं नव्हतं! स्त्रीच्या अर्जावर जबाबदार पुरुषाची सही लागते. वडील मुंबईला, भाऊ आगबोटीवर. नानांपुढे तीनदा अर्ज ठेवला. तिन्ही वेळा म्हणाले, "परक्याच्या पोरीची जबाबदारी मी घेणार नाही."

*

चिपळूणचे एक व्यापारी अकरा माणसं आणि साबुदाण्याच्या खिचडीचं पातेलं घेऊन आले. बेटावर खाणं न्यायला बंदी आहे. सांडलेल्यावर कावळे येतात, मग पाखरांची अंडीही फोडतात. मी पातेलं अडवलं. नानांनी झाकण उघडून पाहिलं आणि सोडून दिलं.

"अगं, आज एकादशी. हे खाणं कुठे?"

*

सावर्ड्याच्या एका मास्तरांनी अर्जात कारण लिहिलं, 'पक्षी पाहणे'. नानांना संशय आला. धडधाकट माणूस नुसती पाखरं बघायला कशाला जाईल? अर्ज परत. मास्तरांनी खोडून 'देवदर्शन' लिहिलं. पास लगेच मिळाला.

बेटावर देऊळ नाही, हे नानांना तोवर कोणी सांगितलेलं नव्हतं.

*

एका आजोबांना आजींची फी अर्धी करून हवी होती. मी म्हटलं, अर्धी फक्त लहान मुलांना. ते म्हणाले, "होडीत बसली की ही डोळे मिटते, ते घरी येऊनच उघडते. बघणार मी एकटा."

आजींनी कनवटीचे पैसे काढून पूर्ण फी टेबलावर ठेवली. "या खेपेला उघडे ठेवीन."

*

मग हुकूम आला: मुंबईचे साहेब येताहेत, नानांनी त्यांना बेट दाखवावं. नानांचा चेहराच उतरला. पोहता न येणाऱ्याला त्याच होडीतल्या पोहणाऱ्याची लेखी हमी लागते, हा नियम त्यांनीच करून घेतलेला. होडी चालवणाऱ्या तांडेलाची हमी चालत नाही, आणि साहेबांकडे मागणार कोण?

मी खाडीकाठी वाढलेली. नानांपुढे माझा चौथा अर्ज ठेवला.

"आधी तुमची सही, मग माझी."

सकाळी साहेब होडीत बसले. आमचे तांडेल हसनचाचा यांनी आमचे दोन्ही कागद नीट वाचले. नानांसाठी हमी माझी, माझी जबाबदारी नानांची.

"बायो, होडी उलटली तर कोनी कोनाला धरायचा, ता सांग."

नाना माझ्या शेजारी सरकून बसले. दोन्ही हातांनी माझं मनगट घट्ट धरून म्हणाले, "जबाबदारी माझी आहे. सोडणार नाही."