अंथुर्ण्यातली सावड

स्वारगेटवरून बारामतीची गाडी सुटली तेव्हा मेघना फोनवर मला तिसऱ्यांदा बजावत होती, "आईंना विचार. सांगून मोकळा होऊ नकोस." माझी बायको मला चांगली ओळखते. टोरांटोच्या नोकरीला आठवड्याभरात होकार कळवायचा होता. मेघना तयार होती, आमची आर्या तर तिथल्या बर्फात खेळायला मनानं कधीच पोचली होती. प्रश्न आईचा होता. वडील गेल्यापासून ती अंथुर्ण्यात एकटी राहते. तिला सोबत नेता आलं तर जायचं, असं आमचं घरात ठरलं होतं. ती नको म्हणाली तर काय, हे मात्र आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं.

सासवड, जेजुरी मागे पडली. मोरगावला शेजारी एक म्हातारबाबा येऊन बसले. माळेगावचे होते, लेकीला भेटून परत निघालेले. कुठं निघालात, काय करता, पोरंबाळं किती, अशी रीतसर चौकशी झाली. गप्पांच्या ओघात मी टोरांटोचं सांगून टाकलं.

"लई थंडी आसंल तितं," बाबा म्हणाले.

"हो, बर्फ पडतो."

"मग शेतं कवा करत्यात?"

मी उन्हाळ्यात, असं ठोकून दिलं. खरं तर मला ठाऊक नव्हतं. मला तिथलं घरभाडं, शाळा आणि आर्याच्या बसचा थांबा, एवढंच माहीत होतं. बाबांनी मान हलवली आणि खिशातल्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या.

बारामतीत उतरलो तर ऊन मऊ होतं. स्टँडवर भेळ खाल्ली, चिंचेचं पाणी जरा जास्तच घालून. मग इंदापूरची गाडी धरली. साखर कारखाने सुरू होण्याचे दिवस. दोन्ही बाजूंना तुऱ्यावर आलेला ऊस, रस्त्यावर पाचटाचा थर, आणि हवेत मळीचा (साखर काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाकाचा) तो आंबूस वास. पुण्याहून येणारे पाहुणे या वासाला नाक मुरडतात. मला मात्र तो आला की घर जवळ आल्याचं कळतं.

लासुर्ण्याच्या अलीकडे गाडी थांबली. उसाची ट्रॉली उलटून रस्ता अडला होता. कुणाला लागलं नव्हतं, त्यामुळे लोक निवांत होते. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, कंडक्टर खाली उतरून एक कांडं उचलून आला आणि सोलायला लागला. मग काय, सगळी गाडीच उतरली. नोकरदार, कॉलेजच्या मुली, एक नवी नवरी, सगळे रस्त्याकडेला ऊस खात उभे. मीही खाल्ला. रस मनगटापर्यंत ओघळला, शर्ट चिकट झाला. टोरांटोत रस्त्यावरचं काही उचलून असं कुणी खात असेल का, असं मनात आलं आणि दुसरं कांडं नकोसं झालं.

अंथुर्ण्यात पोचलो तेव्हा आई दारात ज्वारी पाखडत होती. हात धुऊन तिनं मला चुलीपुढं बसवलं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल. दुसऱ्या भाकरीला मी विषय काढला. मनात भाषण तयार होतं, पण तिनं ते पुरं होऊच दिलं नाही.

"येते की," ती म्हणाली. "तू म्हणशील तितं येते."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं मात्र नाही.

"मग पुढच्या आठवड्यात पुण्याला येशील? कागदपत्रं करायची आहेत."

"शकूच्या रानात दोन दीस जायाचं राहिलंय. कांद्याची खुरपणी. त्येवढं झालं की येते."

अंथुर्ण्यातल्या पाच-सहा बाया अजून सावड (एकमेकींच्या शेतात आळीपाळीनं राबायची रीत) करतात. आज हिच्या रानात, उद्या तिच्या. मजुरी कुणी देत नाही, घेत नाही. त्या बायांनी आईचा कांदा खुरपून दिला होता, आणि आईचे दोन दिवस शेजारच्या शकूकाकीकडे द्यायचे राहिले होते.

माझ्यातला पुणेकर साहेब लगेच जागा झाला. आईला न सांगता मी लासुर्ण्यातल्या एका मजूर पुरवणाऱ्याला फोन लावला. सकाळी आठ बायका टेंपोतून थेट शकूकाकीच्या बांधावर उतरल्या. दोन दिवसांचं काम दुपारपर्यंत संपेल, आई मोकळी होईल, या हिशोबात मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो.

चहा संपायच्या आत शकूकाकी दारात उभी. पदर खोचलेला, डोळे भरलेले.

"अक्का, माझं काय चुकलं?"

आईला काही उमगेना. काकीनं माझ्याकडं बोट केलं. "तुझ्या लेकानं बाया धाडल्या. माझी सावड फेडली त्यानं. तुला माझ्याकडं यायाचंच नव्हतं तर तोंडानं सांगायचं."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. मी समजावायला गेलो, "काकी, काम झालं म्हणजे झालं ना? कुणीही करू दे."

"काम व्हय?" काकी म्हणाली. "कामाला काय, बाया मलाबी मिळत्यात."

आलेल्या बायकांना काकीनं चहा पाजला होता आणि टेंपोत बसवून परत पाठवलं होतं. आईनं काकीचा हात धरून तिला आत बसवलं, गूळ-शेंगदाणे पुढं केले. मग मला म्हणाली, "पॅन्ट वर दुमड. खुरपं घे."

आम्ही तिघं रानात गेलो. बाकीच्या बाया आधीच वाफ्यात बसल्या होत्या. आईनं त्यांना आमच्या टोरांटोचं सांगितलं. पहिल्याच वाफ्यात मी गवतासोबत कांदाही उपटला, तेव्हा सगळ्या खळखळून हसल्या. कांद्याला जीवदान द्या साहेब, म्हणाल्या. "तितं कांदा पिकतो का?" एकीनं विचारलं. "अक्काला भाकरीसंगं काय घालशील?" तासाभरात माझी कंबर धरली. आई मात्र माझ्यापुढं चार हात सरकत होती आणि शकूकाकीशी कुणाच्या तरी सुनेबद्दल हलक्या आवाजात बोलत होती. मध्येच दोघी फिसकन हसल्या. माझ्याशी फोनवर बोलताना आई अशी कधी हसत नाही.

दुपारी फाट्याच्या (कालव्याच्या शाखेच्या) कडेला भाकरी सोडली. बाया जरा लांब बसल्या होत्या. मी आईला म्हणालो, "उद्या एक दिवस मीही येतो. मग दोन्ही दिवस फिटतील."

"दोन्ही न्हाय फेडायचं," आई म्हणाली. "एक दीस मागं ठिवायचा आसतोय. समदं फिटलं की येणंजाणं संपलं. मग कुणी कुणाकडं कशाला यील?"

पाणी वाहत होतं. मी त्यात हात धुतले.

"आई, खरं सांग. तुला यायचं आहे का?"

तिनं हातातला तुकडा ठेवला. "न्हाय. पण तू म्हणलास म्हणून आले असते. तितं खिडकीत बसून ऱ्हायले असते. हितं मला ताप आला, तर तू पुण्याहून यीस्तवर शकू चार बारी येऊन गेलेली आसती." मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तू जा. पोरीचं बघ."

दुसऱ्या दिवशी ती मला गाडीवर घालवायला आली. पिशवीत गूळ, लसणाची चटणी, आर्यासाठी हरभरा. गाडी दिसायला लागली तसा माझा धीर सुटला. मी म्हणालो, "तू एकदा थांब म्हण. मी नाही जाणार. शप्पत."

"मी कशाला थांब म्हणू?" तिनं माझा शर्ट खांद्यावर सारखा केला. "तू माझं समदं केलंस. तुझं माझं आता काय राहिलं न्हाय, बाळा. मोकळ्या मनानं जा."

बारामती कधी आली, मोरगाव कधी गेलं, कळलं नाही. पुण्यात दार उघडताच मेघनानं विचारलं, "काय म्हणाल्या?" मी सांगितलं, आई येत नाही, आपण जावं म्हणते. मेघनानं माझ्या हातातली पिशवी घेतली. नंतर आम्ही बोललो, रडलो आणि जायचं ठरवलं. होकारही कळवला.

आई नको म्हणेल, अडवेल, आणि मग मला राहता येईल, एवढ्यासाठीच मी गावी गेलो होतो. आता ते स्वतःशी कबूल करायला हरकत नाही. शकूकाकीचा एक दिवस आईनं जपून मागं ठेवलाय. माझा तेवढा तिनं फेडून टाकला.