ताईच्या ताटातली तुकडी

आमच्या भाऊजींचं मासळीचं दुकान आहे. आवाज असा, की बाजाराच्या पार त्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही आज ताजं काय आलंय ते कळावं. "मी घरी खातो तेच विकतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य आणि गिऱ्हाईक यायचं ते त्यावरच.

घरी जेवायला बसलं, की मोठ्या माशाची मधली जाड तुकडी ते ताईच्या ताटात सरकवायचे. "तू खा, मी दुकानातच खाऊन आलोय." ताई लाजायची आणि मग आठवडाभर मला ऐकवायची. माझ्या नवऱ्यानं जन्मात कधी शेपटीसुद्धा पुढे केली नाही. त्यामुळे माझा नुसता जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू?

मग ताईच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. ती शिंप्याकडे काजं-बटणं करते. बोटं बधिर होऊन सुई निसटायला लागली. शिंपी तसा भला माणूस, पण त्यानेही एकदा शर्ट परत केला. ताई त्या रात्री जेवली नाही.

भाऊजी तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी काय काय खाता ते विचारलं आणि घरातल्या सगळ्यांचे केस आणि रक्त मागितलं. मोठा मासा लहान मासे खाऊन वाढतो, त्यांच्यातला पारा त्याच्यात साठतो आणि त्याच्यातला आपल्यात, असं त्या म्हणाल्या. रक्तात तो अलीकडचा दिसतो, केसांत मागल्या महिन्यांचाही. मी वरच्या मजल्यावर राहते आणि निम्मं खाली जेवते, म्हणून मलाही ओढलं.

नर्सबाईंनी मानेच्या वर, अगदी मुळाशी, पेन्सिलीएवढी जाड बट कापली आणि मुळाकडच्या टोकाला दोरा बांधला. भाऊजींच्या डोक्यावर मुळातच दुष्काळ. होतं नव्हतं ते बाईंनी नेलं. मासा किती वेळा खाता, असं विचारल्यावर भाऊजी गरजले, रोज, तीही मधली तुकडी. रांगेत सगळी त्यांचीच गिऱ्हाइकं बसली होती, मग काय!

निकालाच्या दिवशीही तशीच गर्दी. ताईचा पारा खूप जास्त निघाला, माझा बेताचा आणि भाऊजींचा जवळजवळ नाहीच. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. रोज मासा खाणाऱ्याच्या केसांत इतका कमी पारा येणं शक्य नाही, नमुन्यांची कुठेतरी अदलाबदल झाली असणार, म्हणजे ताईचा आकडाही भरवशाचा नाही, असं त्यांचं मत पडलं. नमुने पुन्हा घेऊ, तोवर ताईंनी जेवण बदलू नये, मुंग्यांचं कारण दुसरीकडे शोधू, असं म्हणाल्या. ताईचा जीव भांड्यात पडला. तिने तिथल्या तिथे भाऊजींना संध्याकाळसाठी मोठा मासा सांगून टाकला.

भाऊजींनी रांगेकडे पाहिलं. मग ताईच्या बोटांकडे पाहिलं.

"बाई, अदलाबदल नाही झालेली," ते म्हणाले. तो बाजार हलवणारा आवाज कुठे गेला कोण जाणे. "मी मासा खातच नाही. लहानपणापासून. पोटात ढवळतं."

मला आधी हसूच फुटलं. म्हणजे हे प्रेम होतं होय! आपल्याला नको ते बायकोच्या ताटात! म्हटलं, आता ताई यांना उभं सोलणार.

पण भाऊजी बोलतच सुटले. दुकान वडिलांचं, मासा न खाणाऱ्या मासेवाल्याकडे फिरकणार कोण? "पण तुला आवडतो ना, म्हणून सगळ्यात चांगली तुकडी राखून ठेवायचो. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचो. तीच तुला भोवली." आणि एवढा दांडगा माणूस बाकावर बसून मुसमुसायला लागला. माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

मोठा मासा बंद केला तर पारा हळूहळू उतरेल, बोटंही बहुतेक सुधारतील, असा धीर डॉक्टरीणबाईंनी दिला. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि भाऊजींपुढे रुमाल धरला.

"डोळे पुसा, लोक बघतायत. आणि मला सांगा, इतकी वर्षं मी तुमच्यासाठी रांधतेय, तुम्हाला खायला आवडतं तरी काय?"

भाऊजींनी चोरून रांगेकडे पाहिलं. "दुधी," म्हणाले.

दुधीचं नुसतं नाव काढलं तरी ताईचं तोंड वाकडं होतं. येताना तिने दोन निवडले. कोवळे आहेत का ते तिच्या बोटांना समजेना, म्हणून नख लावून बघायला माझ्या हातात दिले.