कोट नसलेली तसबीर

घाटंजीत आमचे हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे, पण यांचं नाव झालं ते गेलेल्या माणसांच्या तसबिरींनी. माणूस गेला की घरचे लोक आधारकार्डावरचा नाहीतर लग्नातला फोटो घेऊन यायचे, तेरवीला तसबीर पाहिजे म्हणायचे. अन् हे प्रत्येकाला कोट घालायचे! जन्मभर धोतर-बंडीत राहिलेले म्हातारे आमच्या घरून कोट-टाय लावून निघायचे. मी हसायची. हे म्हणायचे, "हसून काहून राह्यली? जिवंतपणी नाही भेटला, आता तरी घालू दे त्याले." लोकांनाही तसंच पाहिजे असायचं.

त्या साली कपाशीची पराटी माणसाच्या डोक्यावर गेलती अन् अळीपायी जो तो फवारणी करून राह्यला होता. औषध वर मारलं की तोंडावरच यायचं. किती मजूर दवाखान्यात गेले, काही परत आलेच नाहीत. त्यातल्याच एकाची बायको पोरीला घेऊन तसबीर न्यायला आली. कोटातला नवरा पाहिला अन् भडकलीच.

"हा कोन होय? भाऊ, गाव म्हन्ते, दारू पिऊन मेला. शेतमालकच सांगत फिरते. तेच आयकत मोठी होईन माही पोरगी. कोट नको. फवारताना काढा त्याले, पाठीवर पंप घेतलेला."

मी म्हटलं, झालं! हार घालायच्या तसबिरीत कोणी पंप काढते का? पण यांनी कोटातली तसबीर बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी सायकल काढून तिच्या गावाला गेले, कोणाचा तरी पंप मागून पाण्यानं भरला, पाठीला लावला अन् पराटीत शिरले. घरी आले ते खांदा चोळतच, अन् जेवायच्या आधी रंग काढून बसले. काय हट्टी माणूस, बाप्पा!

मी रागातच चहा घेऊन गेली अन् तिथंच उभी राहिली. खांद्यात रुतलेला पट्टा, वर धरलेली नळी, लाल झालेले अर्धमिटे डोळे, कपाळावरून ओघळणारं औषध. त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी मला रडू आलं. आपला नवरा किती मोठा आहे, हे मला त्या दिवशी समजलं. तोंडावर सांगितलं मात्र नाही, नाहीतर चढून बसले असते.

तेरवीला आम्ही दोघं गेलो. शेतमालकही आलता. फूल वाहायला पुढं झाला अन् तसबिरीसमोर थबकला. कितीतरी वेळ फूल त्याच्या हातातच. मागचे लोक पाहून राह्यले होते. मग मान खाली घालून तो बोलला, "वारा लय होता त्या दिवशी. तो नको म्हने. म्याच म्हनलं, फवार."

बाईनं पोरीला दंडाला धरून पुढं आणलं.

"आयकलं का? तुहा बाप कामावर मेला."